खात्याला काही म्हणायचं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. दाखवावी अशी माणसं ओळखीत नाहीत. कपाटात चादरींच्या खाली ठेवणार.

निश्चय तीन. रोज लिहायचं. सकाळी फिरायला जायचं. मेहुण्याशी वाद घालायचा नाही, कारण वाद बरोबरीच्या माणसाशी घालतात.

जूनमध्ये आमचे साहेब रिटायर होतात. वजनमापे खात्याचं संचालकपद त्यानंतर माझ्याकडे येणार हे उघड आहे. उपसंचालक मी एकटाच. माझ्या खाली सगळे इन्स्पेक्टर. बाजारात हिंडायचं, दुकानदारांचे काटे तपासायचे, शिक्का मारायचा, एवढं त्यांचं काम. डोक्याचं काम वर चालतं, म्हणजे मी करतो.

फिरायला उद्यापासून. आज बूट सापडले नाहीत.

४ फेब्रुवारी

बूट सापडले. थंडी होती.

ऑफिसात खळबळ. विधानसभेत नवीन विधेयक आलंय. म्हणे दुकानदाराने आपला काटा आपणच तपासायचा, बरोबर आहे असं आपणच लिहून द्यायचं आणि दुकानात टांगायचं. सरकारी तपासणी बंद. आणि शेवटच्या कलमात, वजनमापे खातं गुंडाळण्यात येईल.

हसू आलं. उद्या पोरांना सांगतील, आपापले पेपर आपणच तपासा. असली विधेयकं येतात नि जातात. आमदार लोकांना मतदारसंघात काहीतरी दाखवावं लागतं. गुंडाळायला खातं म्हणजे काय सतरंजी आहे?

इन्स्पेक्टरांच्या खोलीत मात्र सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. एकाला मागच्याच महिन्यात जुळ्या मुली झाल्यात, तो नुसता भिंतीकडे बघत होता. मी मुद्दाम आत गेलो, धीर दिला. म्हणालो, घाबरू नका, मी आहे. कुणी मान वर केली नाही. भारावले असावेत.

६ फेब्रुवारी

काल लिहायचं राहिलं. पाहुणे होते. म्हणजे मेहुणा.

त्याचं किराणा दुकान आहे, आणि आता तो व्यापारी संघटनेचा सेक्रेटरी झालाय. तेवढ्याने आकाश ठेंगणं झालंय. विधेयकाच्या बाजूने बोलायला समितीसमोर जाणार आहे. कोट शिवायला टाकलाय. माझ्याच घरात माझाच चहा पीत म्हणाला की भावोजी, तुमचे इन्स्पेक्टर येतात, काटा पालथा करतात, गिऱ्हाईक ताटकळतं, अर्धा दिवस धंदा बुडतो. मी म्हणालो, काटा सरळ असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. तो म्हणाला, सरळ माणसाला पाच मिनिटं तरी का छळता.

वाद घालायचा नव्हता. तासभर घातला. शेवटचं वाक्य माझंच. तोवर तो गेला होता, पण माझंच.

१० फेब्रुवारी

समितीचं पत्र आलं. २४ मार्चला सुनावणी. संबंधित खात्याने हजर राहून म्हणणं मांडावं.

साहेबांनी पत्र मेलेल्या झुरळासारखं चिमटीत धरून आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, तूच बघ काय ते, माझे चारच महिने उरलेत. केवढा हा विश्वास. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर ठेवलं असतं का?

११ फेब्रुवारी

इन्स्पेक्टर बाई भेटायला आल्या. खात्यात एकच बाई इन्स्पेक्टर आहेत, पण आवाज चौघींचा. म्हणाल्या की सर, आपण साक्ष दिली पाहिजे. कोण कसं फसवतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत नाही. आपण गप्प बसलो तर समितीला फक्त दुकानदार ऐकू येतील.

बसवलं आणि तत्त्व समजावलं. कायदा करणं त्यांचं काम, राबवणं आपलं. खात्याने साक्ष दिली की खातं एका बाजूला गेलं. आज विरोध केला, आणि उद्या हाच कायदा राबवायची वेळ आली, तर कुठल्या तोंडाने राबवणार? शिवाय लोक म्हणणार, नोकऱ्या वाचवायला आले. सरकारी पगार घेऊन सरकारच्याच विधेयकाविरुद्ध गळा काढायचा, शोभतं का? खातं म्हणजे तराजूचा काटा. मध्ये उभा.

बाई म्हणाल्या, सर, काटा हललाच नाही तर आपण त्याला नादुरुस्त म्हणतो.

उद्धट. फाजील आत्मविश्वास. गोपनीय अहवालात बघून घेईन.

१२ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला (झोप मधूनमधून लागत होती). या विषयावर ग्रंथच लिहिला पाहिजे. ‘शासकीय यंत्रणांनी प्रस्तावित कायद्यांवर साक्ष द्यावी काय?’ उत्तर, नाही. पाच प्रकरणं. संचालक झाल्यावर प्रकाशन, तेव्हा हार पडतीलच.

आज शीर्षक लिहिलं. ‘काय’ शब्द आधी हवा की शेवटी, यात संध्याकाळ गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घरात कटकट. हिने बाजारातून किलोभर टोमॅटो आणले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. पाऊणच्या थोडे वर. मला म्हणाली, अहो, चला, तुम्ही त्याच खात्यात आहात ना, चला माझ्याबरोबर.

मी पेपर खाली न घेता सांगितलं की उपसंचालक किरकोळ प्रकरणात पडत नाही. रीतसर तक्रार कर, इन्स्पेक्टर जाईल. ही म्हणाली, आणि तुमचं खातंच उरलं नाही तर? मग मी कुणाकडे जाऊ, माझ्या भावाकडे?

भूगोलाची शिक्षिका. नकाशापलीकडे दृष्टी नाही. तरी एक मुद्दा तिने काढला तो लिहून ठेवतो, खोडून काढण्यासाठी. म्हणाली, मत देऊ नका, पण माहिती तर द्याल? तुम्हाला दिसतं ते सांगायला काय हरकत आहे?

काय हरकत! माहितीच्या पोटात मत असतं. काटे खोटे असतात असं म्हटलं की तपासणी हवी असं म्हटल्यासारखंच झालं. इतकं सूक्ष्म घरच्या माणसांना कळणं कठीण. सांगितलं नाही.

टोमॅटो आंबट होते.

२६ फेब्रुवारी

मध्ये काही दिवस रोजनिशी राहिली. चिंतन चालू होतं. फिरणं १ मार्चपासून, म्हणजे हिशेबाला सोपं.

५ मार्च

सुनावणीचं निवेदन लिहायला घेतलं. दोन पानं, सणसणीत. वाचताना माझंच मला कौतुक वाटलं. मग तटस्थतेच्या चाळणीतून काढू लागलो.

७ मार्च

‘ग्राहकांचे हित’ काढलं. ग्राहकांची बाजू घेतल्यासारखं वाटतं. मग न्यायाने ‘व्यापाऱ्यांच्या अडचणी’ही काढल्या. पान दीड.

१२ मार्च

‘खात्याच्या अनुभवानुसार’ काढलं. अनुभव म्हटलं की कल दिसतो. ‘खोटी वजने’ मधलं ‘खोटी’ काढलं, मग नुसती ‘वजने’ उरली, ती वाक्यात लोंबकळू लागली, तीही काढली. अर्धं पान.

इन्स्पेक्टर बाईंनी खात्यातर्फे बोलायची लेखी परवानगी मागितली. नाकारली. मग त्यांनी २४ तारखेची रजा मागितली. कारण विचारलं तर म्हणाल्या, खासगी. मंजूर केली. निदान त्या दिवशी ऑफिसात शांतता राहील.

२० मार्च

निवेदन पूर्ण झालं. एकच वाक्य उरलं आहे, आणि त्याला कुठूनही पकडता येत नाही. खात्याला काही म्हणायचं नाही.

साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, बस? मी म्हणालो, बस. ते म्हणाले, ठीक आहे, तू बघ. शब्द फुटत नव्हते बिचाऱ्यांना.

आरशासमोर सराव केला. ‘काही’वर जोर दिला की उर्मट वाटतं, ‘नाही’वर दिला की भांडल्यासारखं. सपाट म्हणायचं. ही दारातून बघत होती. मग कपडे वाळत घालायला गेली.

२४ मार्च, सोमवार

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

समितीची खोली बेताची. पंखे खडखडणारे. नऊ आमदार अर्धगोल टेबलामागे. अध्यक्ष पूर्वी दातांचे डॉक्टर होते, अजून समोरच्याने तोंड उघडलं की आत डोकावल्यासारखं बघतात. एक सदस्य पेंगत होता, दोघे मोबाइलमध्ये, एक जण नखं कुरतडत होता. एका बाईंनी तेवढी वही उघडली होती. अशांच्या हातात कायदे.

या समितीची एक जुनी पद्धत आहे. विधेयकाच्या बाजूचे लोक खिडकीकडे बसतात, विरोधातले दाराकडे, आणि नुसती माहिती द्यायला आलेले मागच्या लाकडी बाकावर. शेवटी पट्टेवाला डोकी मोजतो आणि बोललेले असोत नसोत, ज्याला त्याला त्या त्या बाजूला धरतात. इन्स्पेक्टर बाईंनी आठवडाभर माझा पिच्छा पुरवला होता, सर, मागच्या बाकावरच बसा हं. मला शिकवतात! ही पद्धत जनतेसाठी आहे. उपसंचालकाला कोण मोजतो?

तरी मागचा बाक बघितला. एका टोकाला खिळा वर आलेला, दुसऱ्या टोकाला कुठल्याशा खात्याचा क्लार्क डबा उघडून बसलेला, लोणच्याचा वास खोलीभर. तिथे मी बसायचं? दाराकडे तर सगळा बाजार. पिशव्या घेतलेल्या बायका, पेन्शनर, आणि त्यांच्यात चक्क आमच्या इन्स्पेक्टर बाई. रजा टाकून, नागरिक म्हणून आलेल्या. म्हणजे हे खासगी काम! त्यांच्या रांगेत बसलो असतो तर बाजू घेतली असं झालं असतं.

खिडकीकडे पहिल्या रांगेत गादीची खुर्ची रिकामी होती. हवाही बरी येत होती. मेहुणा नव्या कोटात बसलेला. कोट काखेत इतका घट्ट की हात वर केला की सगळा माणूस वर उचलला जायचा. मला बघून त्याचा चेहरा फुलला. सरकून जागा दिली, खिशातून पेपरमिंट काढून दिली. बसलो.

आधी मेहुणा बोलला. व्यापारी चोर नाही, विश्वास ठेवा, वगैरे. तोंडाची वाफ. आपला काटा बरोबर घेऊन आला होता, समितीने बघावा म्हणून. चकचकीत पुसून आणलेला.

मग इन्स्पेक्टर बाई उठल्या. पिशवीतून मिठाचा सीलबंद पुडा काढला, किलोचा. अध्यक्षांच्या परवानगीने मेहुण्याच्याच काट्यावर ठेवला. काट्याने दाखवलं, एक किलो शंभर ग्रॅम.

खोलीत हशा. पेंगणारा सदस्य जागा झाला. मेहुणा म्हणाला, प्रवासात हलला असेल. बाई म्हणाल्या, हलला खरा, पण नेहमी दुकानदाराच्याच बाजूला हलतो, हे नवल आहे. आणि म्हणाल्या, माझा धाकटा भाऊ शाळेत असताना दूध आणायला जायचा, घरी आलं की आई रागवायची, वाटेत प्यायलास म्हणून. तो प्यायलेला नसायचा. यासाठी मी या नोकरीत आले.

भावनाप्रधान. साक्ष अशी द्यायची नसते.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. विचारलं, वजनमापे खातं आलंय ना? असे काटे तुम्हाला आढळतात का?

उभा राहिलो. आमच्या तळघरात असे जप्त केलेले काटे छतापर्यंत रचलेत, उंदीरसुद्धा तिरका होऊन जातो. पण ते सांगितलं की झाली माहिती. सपाट आवाजात म्हणालो, खात्याला काही म्हणायचं नाही.

अध्यक्ष म्हणाले, विधेयकावर नको. नुसतं हो की नाही एवढं सांगा, आढळतात का?

सापळा मी लगेच ओळखला. मंद हसलो. पुन्हा तेच म्हणालो. वही उघडलेल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे, खिडकीकडे, मेहुण्याकडे. म्हणाले, समजलं.

एका वाक्यात समजलं! दाराकडून कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. मी तिकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर कळलं की ती हीच होती. अर्धी रजा काढून दाराकडच्या दुसऱ्या रांगेत बसली होती. मला दिसलीच नाही. म्हणाली, मी सारखी तुमच्याकडे बघत होते, तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

पेपरमिंट अजून खिशात आहे. तटस्थ राहावं म्हणून खाल्ली नाही.

२८ मार्च

समितीचा अहवाल आला. पाच विरुद्ध चार मतांनी विधेयक मंजूर करावं अशी शिफारस. एक परिच्छेद असा, ‘संबंधित खात्याचे प्रतिनिधी विधेयकाच्या बाजूस उपस्थित होते व प्रश्न विचारूनही त्यांनी कोणतीही हरकत नोंदवली नाही. यावरून खात्याचा पाठिंबा दिसून येतो.’

टायपिंगची चूक. नसेल तर द्वेष. दुरुस्तीसाठी पत्र पाठवावं का? पण पत्र पाठवून आमचा पाठिंबा नाही असं म्हणणं म्हणजे विरोध आहे असं म्हणणं. नाही पाठवलं.

३१ मार्च

लिफ्टमध्ये समितीतला तो नखं कुरतडणारा सदस्य भेटला. मी ओळख दिली. तो आनंदाने म्हणाला, तुमच्यामुळे माझं ठरलं हो, मी काठावर होतो. ते मीठ पाहून माझं मत फिरलं होतं. पण म्हटलं, खात्यालाच काही वाटत नाही तर आपण कोण लागून गेलो?

हात मिळवला. मूर्ख माणूस. मी कधी म्हणालो काही वाटत नाही? मी म्हणालो, काही म्हणायचं नाही.

२ एप्रिल

इन्स्पेक्टरांच्या खोलीत गेलो तर बोलणं थांबलं. मला बघून बोलती बंद व्हावी एवढा धाक आहे अजून. जुळ्या मुलींचा बाप उठून बाहेर गेला. इन्स्पेक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, सर, बाकावर खिळा होता, ठाऊक आहे मला. मी त्याच्या शेजारीच तुमच्यासाठी उशी ठेवून आले होते. बघितली नाहीत?

बघितली होती. वाटलं, त्या क्लार्कची असेल.

११ एप्रिल

विधानसभेत विधेयक पास. भाषणांत तीनदा माझा उल्लेख. म्हणजे खात्याचा. ‘खुद्द वजनमापे खात्याने उचलून धरलेले विधेयक.’ विरोधकांतला एक जण म्हणाला, जे खातं स्वतःसाठी बोलत नाही त्याच्यासाठी आम्ही का बोलावं? हशा झाला म्हणे.

साहेबांनी बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाले, मी जूनमध्ये सुटणारच होतो, मला काय. पण ही पोरं? तुला पाठवलं ते बोलायला की हवा खायला? मी म्हणालो, साहेब, तुम्हीच म्हणालात तू बघ. ते म्हणाले, हो, तीच माझी चूक.

वयोमानाने माणूस हळवा होतो. मला त्यांची कीव आली. बाहेर आल्यावर पाणी प्यायलो, दोन ग्लास.

१३ एप्रिल, रविवार

मेहुण्याने बिस्किटांचा डबा पाठवला. एक किलो. सोबत चिठ्ठी, भावोजींचे आभार, हे उपकार संघटना विसरणार नाही.

हिने डबा काट्यावर ठेवला. आठशे. माझ्यासमोर काटा तसाच ठेवून निघून गेली. भेटीचं वजन करत नाहीत. चार बिस्किटं खाल्ली. नरम होती.

ही आज जेवताना बोलली नाही. कालही नव्हती. भावाशीही बोलत नाही म्हणते. दोघांशी सारखंच वागते म्हणजे तटस्थच आहे, असं मी गमतीने म्हणालो. ताट घेऊन आत गेली.

५ मे

सरकार सगळ्यांना इतर खात्यांत सामावून घेणार. प्रत्येकाने आपली पसंती कळवायची. ऑफिसात जत्रा. कुणी आरोग्य लिहितंय, कुणी शिक्षण, जो तो ओळखी काढतोय. लाज कशी वाटत नाही! इन्स्पेक्टर बाईंनी अन्नभेसळीची प्रयोगशाळा मागितली. जुळ्यांच्या बापाने घराजवळचं काहीही.

मी कोरं ठेवलं. खाली लिहिलं, शासन ठरवेल ते मान्य. माझ्या अनुभवाच्या माणसाला स्वतःच्या तोंडाने मागावं लागत नाही. वर बसलेल्यांना कळतं. बहुतेक गृह. नाहीतर अर्थ.

ही पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, लिहा हो काहीतरी, एकदा तरी लिहा. मी समजावलं की मागणाऱ्याला मिळतं ते उरलंसुरलं.

२ जून

आदेश निघाले. बाईंना प्रयोगशाळा मिळाली. जुळ्यांच्या बापाला घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. शिपायालासुद्धा आरोग्य.

मी, जुनं सामान भांडार. सरकारी ऑफिसांतलं मोडकं फर्निचर लिलाव होईपर्यंत जिथे पडून राहतं तिथे. पद, सहायक भांडारपाल. पगार तोच ठेवलाय, उपकार.

काहीतरी गूढ योजना असावी. माणसाला आधी खाली ठेवतात, मग एकदम वर घेतात. पाहिलंय मी.

६ जून

साहेबांचा निरोप समारंभ आणि खात्याचाही. एकाच चहात दोन्ही. तळघरातले जप्त काटे भंगारवाल्याने नेले, ट्रकने दोन खेपा. दुसऱ्या खेपेला मी बाल्कनीत उभा होतो. इन्स्पेक्टर बाई खाली रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या. डोळे पुसत होत्या. धूळ फार होती.

भाषण करायचं होतं. मनात तयार होतं. कुणी ‘बोला’ म्हटलं नाही.

९ जून, सोमवार

भांडारात पहिला दिवस. लांबच लांब शेड. छतापर्यंत उलट्या खुर्च्या, पाय वर केलेल्या. भांडारपाल माझ्यापेक्षा बराच लहान. गुटगुटीत, स्वेटर घातलेला, जूनमध्येही. आत गारवा असतो म्हणे. मला एक टेबल दाखवलं, चहा मागवला. पूर्वी कुठे होतात, विचारलं.

वजनमापे खातं, म्हणालो. उपसंचालक.

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, असं खातं होतं?

चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मग मला काय झालं कळत नाही. बोलायलाच लागलो. म्हटलं, होतं म्हणजे? तेलाच्या मापाचं बूड खालून ठोकून वर घेतात ठाऊक आहे का? बाहेरून कळत नाही. पंपावर नळी झटकली की आकडा पळतो आणि टाकी तशीच राहते. सोनाराच्या काट्याजवळ पंखा का लावलेला असतो? कोळसेवाला पाणी मारून का तोलतो? म्हातारी माणसं, पोरं, घाईतल्या बायका, यांनाच हेरतात. दर बाजारात आमचा माणूस जायचा म्हणून तरी वचक होता. आता कोण जाणार? आता बघा, वर्षभरात किलो म्हणजे काय हे लोक विसरतील. मी उभा राहिलो होतो. टेबलावर हात आपटला. चहा सांडला. आवाज शेडभर घुमत होता. असं मी आयुष्यात बोललो नव्हतो. आणि एकेक शब्द खरा होता, त्यातला एकही गाळावासा वाटला नाही.

भांडारपाल तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याचा चहा निवला. शेवटी म्हणाला, बाप रे. अहो, हे सगळं ठाऊक असताना तिकडे बोलला का नाहीत?

उत्तर माझ्याकडे होतंच. कायदा करणं त्यांचं काम, तिथपासून सगळं. तोंड उघडलं.

काही आलं नाही.

त्याने माझ्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, तुमची खुर्ची डुगडुगते वाटतं, पायाखाली पुठ्ठा घाला. दिला त्यानेच. घातला.

अजून डुगडुगते.